आईने शेवट विचारला

ताई,

मी पुन्हा दवाखान्यात चाललेय, आईकडे. तुझं जेवण झाकून ठेवलंय.

तू आईसाठी आणलेली ती भविष्यातल्या जुलमी राजवटीची कादंबरी मी परत आणली. त्यात म्हणे माणसांना नावाऐवजी नंबर असतात आणि खिडक्या कधीच उघडत नाहीत. आईच्या वॉर्डात दुसरं काय चाललंय? आता तिला वाचून दाखवतेय ती भुताची मात्र झकास आहे! मेलेली बाई रोज घरी येऊन कपड्यांच्या घड्या घालते आणि घरचे बावळट घाबरून पळत सुटतात. मी म्हटलं, "आई, आपण तर तिला चहा विचारला असता." ती खोकला येईपर्यंत हसली.

मग म्हणाली, "शेवट काय होतो गं? आत्ताच सांगून टाक."

आपली आई, ताई! शेवट फोडला म्हणून मामाशी आठवडाभर अबोला धरणारी! नर्स हाकलतेय असं खोटंच सांगून मी घरी पळाले.

आता शेवटचं प्रकरण वाचून काढलंय. ती बाई यायची बंद होते. घरचे रोज दार उघडं ठेवतात, तरी येत नाही.

आईला थाप मारणार नाही, वाचूनच दाखवीन. पण तेव्हा तू माझ्या शेजारी हवीस.