बाबांच्या खोलीचे पडदे

धाकटे राजे,

ऑफिसातून आलास की आधी हे वाच, मग माझ्यावर तोंड सोड.

बाबांच्या खोलीला पडदे लावलेत. तू सांगितलेले जांभळे आणले नाहीत. भिंतींचा रंग ऐकून दुकानदारच म्हणाला, "कोळशासारख्या भिंती आणि वर जांभळे पडदे? ताई, तिथे माणसं राहतात की वटवाघळं?"

मला वाटलं होतं, तुला फॅशनचं खूळ लागलंय. पण सकाळी उरलेला डबा न्यायला रंगारी आला आणि सहज बोलून गेला. तू त्याला म्हणाला होतास, "म्हाताऱ्याच्या हाताचे डाग दिसणार नाहीत असा रंग मार." बाबा भिंतीला धरून चालतात, कारण त्यांना आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. ओल्या फडक्याने भागलं असतं रे. मला किळस आली, आणि ती डागांची नाही.

भर दुपारी त्यांना खोलीत नेलं, तर दारातच थबकून म्हणाले, "इतक्यात संध्याकाळ झाली का गं?" मी हो म्हणाले. तुझ्यापायी बापाशी खोटं बोलले.

शेवटी लिंबाच्या रंगाचे पातळ पडदे लावले. त्या भिंतींना ते अजिबात शोभत नाहीत, मलाही दिसतं. पण ते लावले, ऊन पडून उजळले, तसे बाबा पलंगावरून उठले आणि कशालाही न धरता थेट खिडकीपाशी गेले. तिथेच खुर्ची टाकून दिली आहे. गोळ्या झाल्यात, शेजारच्या काकू तू येईपर्यंत बसतील.

पडदे उतरवायचेच असतील, तर आधी त्यांना तिथून उठव.

ताई