पलंगाबाबत, आणि भिंतीवरच्या खुर्चीबाबत

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (सध्या आठही अंगं ठणकत असल्यामुळे तो अक्षरशः समजावा.) आम्ही इकडे खुशाल. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर काही कळत नाही, कारण फोनवर तू म्हणजे अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. पंख्याची तब्येत उत्तम दिसते. गेल्या खेपेला तू (म्हणजे कपाळ) म्हणालीस, की मी आता कायमची लेकीकडेच राहणार, माझा पलंग देऊन टाक कोणाला तरी, उगाच जागा अडवतो. मी 'बरं' म्हणालो. त्या विषयाकडे येतोच.

त्या फोननंतर मी घरात तोंड पाडून बसलो होतो. ते हिला बघवेना, म्हणून रविवारी हिने मला चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. विषय म्हणे सपाट काय आणि भरीव काय. एवढं कळायला तिकीट कशाला काढायचं, असं म्हणत मी आत शिरलो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर टेकलो. खुर्ची भिंतीवर रंगवलेली होती. मी मात्र भरीव होतो, हे सगळ्या दालनाला ऐकू गेलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढच्या दालनात भिंतीला टेकून स्टुलावर एक वॉचमन बसलेला दिसला. गणवेश, मिशा, सगळं हुबेहूब. या वेळी मी फसणार नव्हतो. हिला म्हणालो, बघ, मिशीचा केस न् केस रंगवलाय, आणि बोट लावून दाखवलं. मिशी शिंकली. (पुढचं बोलणं तू वडीलधारी असल्यामुळे लिहीत नाही.) हिने हात जोडले, मीही जोडले, आणि प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

त्याच्या समोरच ते चित्र होतं. दालनाच्या मधोमध उभी केलेली पातळ फळी आणि तिच्यावर पाठमोरी बसलेली बाई. सैल अंबाडा, मानेवर एक चुकार बट, डावा खांदा जरासा खाली. ताई, तूच गं. शाळेतून आल्यावर मी मागून येऊन डोळे झाकायचो, तीच पाठ. माझे पाय आपोआप वळसा घालून पलीकडे गेले, चेहरा बघायला. पलीकडे कोरं लाकूड. पुढे आलो, पुन्हा मागे गेलो. वॉचमन उठून जवळ आला. मला वाटलं, आता मिशीचं उट्टं काढणार. पण तो हळूच म्हणाला, "काका, मागे काही नाहीये. रोज कोणी ना कोणी जाऊन बघतं."

फोनवर कपाळ आहे, फळीवर अंबाडा आहे. दोन्ही जोडले तरी एक ताई होत नाही. फार आठवण येते तुझी.

भाचीला आशीर्वाद, पंख्याला नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : मी तिथे रडलो हे ताईंना कळवू नका, असं हिने बजावलंय. म्हणून कळवत नाही.

आणखी एक : पलंग दिलेला नाही. शेजारीण मागायला आली होती, तिला सांगितलं, वाळवी लागली आहे. (लागलेली नाही. कालच हिने गादीला ऊन दाखवलं.) जागा अडवतो खरा, पण चित्रातली खुर्ची जागा अडवत नाही म्हणूनच माणूस पडतो. आता तूच ये, आणि थोडी जागा अडव.