महालवाडीचे खांब

रोहा,
२६ डिसेंबर १९९५

प्रिय फिजाचे अब्बा,

सलाम. तुमचं पत्र आणि यूनुसचे बूट, दोन्ही मिळालं. बूट बोटभर मोठे आहेत, पण तो ते घालूनच झोपतो. फिजाची सहामाही झाली, गणितात यंदा बरी आहे. मागच्या पडवीची कौलं बदलून घेतली. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढचं लिहायला लागले की यातलं काही आठवायचं नाही.

दिवाळीनंतर आपल्या महालवाडीत एक गृहस्थ यायला लागले. दत्तात्रेय म्हात्रे नाव, पेणच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता रिटायर झालेत. सकाळच्या एस.टी.नं उतरायचे, खांद्याला शबनम, हातात मोजायची टेप. आपल्या नारळींमधल्या त्या जुन्या महालाच्या जोत्यावर दिवसभर बसायचे. दगडी खांब जिथं उभे होते ते चार चौकोनी दगड पुन्हा पुन्हा मोजायचे. परवानगी मीच दिली होती, पण मन मानत नव्हतं. शेजारची इंदुबाई तर सरळ म्हणाली, "मुनीरा गो, त्यो इतिहास-बितिहास काय नाय शोधत. राजाचा हंडा शोधतंय." मलाही तसंच वाटायला लागलं. कधी झावळ्या गोळा करायला, कधी चहा घेऊन, काहीतरी निमित्त काढून मी वाडीत जायचेच. एकदा ते विहिरीवर पाणी प्यायला गेले तेव्हा मी त्यांची वही उघडली. सगळे मापांचे आकडे होते, आणि शेवटच्या पानावर तुमचं नाव. खाली दोन रेघा मारलेल्या.

 हा माणूस कस्टमचा असेल, साध्या वेशातला पोलीस असेल, काय काय मनात आलं. फिजाला ताकीद दिली, सरांनी अब्बांचं काही विचारलं तर गप्प राहायचं. आणि ते विचारायचेच, पण मला. खांब कधी गेले? तेव्हा घरात कोण होतं? मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. यूनुसच्या वेळी मी पेणला माहेरी होते, फिजा माझ्याबरोबर होती, आणि तुमचं पत्र आलं की वाडीतून एका रात्रीत चारही खांब चोरीला गेले, राखणदार कान्हू चोरांना सामील होता. परत आल्यावर हवालदारानं मलाही विचारलं होतं. मी म्हटलं होतं, कान्हूशिवाय वाडीत दुसरं कोण असतं? माझ्या तोंडचे शब्द आहेत, विसरले नाही.

तरी हळूहळू सरांची भीती कमी झाली. त्यांनी मला महाल दाखवला म्हणा ना. इतकी वर्षं मी त्या जोत्यावर मिरच्या वाळवल्या, पण पाहिला कधीच नव्हता. इथं दालन, इथं पाण्याची मोरी, ही काळी माती म्हणजे जळलेल्या लाकडाची, महाल आगीतच गेला असणार. सात-आठशे वर्षं झाली असतील म्हणाले. राजा कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा मी बोलून गेले की एका खांबावर अक्षरं होती, मी नवी लग्न होऊन आले तेव्हा त्यालाच शेळी बांधायचे. सरांनी हातातली टेप खाली ठेवली. म्हणाले, "भाभी, त्या अक्षरांत राजाचं नाव असेल. हा महाल कुणाचा, हे सांगणारं दुसरं काही उरलेलंच नाही."

मग त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराकडून त्यांना मिळाला होता. मागं पेनानं तुमचं नाव लिहिलेलं, 'सुलेमान, रोहा'. म्हणजे मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, तसे तेही पहिल्या दिवसापासून आपल्याच घरावर नजर ठेवून होते. फोटोत चारही खांब पेंढ्यावर आडवे ठेवलेले. वाडीत नव्हे, आपल्या अंगणात, भर उन्हात. मागं आपली हिरवी खिडकी. एका खांबावर कुणाचा तरी हात टेकलेला, आणि त्या अंगठ्याचं नख अर्धंच आहे. तो हात मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

फोटो मी सरांच्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी मुलांना इंदुबाईकडे सोडलं आणि कान्हूला शोधायला निघाले. तो गागोद्याच्या बाजूला एका वीटभट्टीवर सापडला. केस पार पिकलेत. मला बघून आधी उभा राहिला, मग परत विटा रचायला लागला. मी विचारलं, खांब कुणी नेले? म्हणाला, "आपल्या शेठनी टेंपो आनला व्हता. मीच त उचलाया हात लावला. टेंपोवाला बोलला, आता तुमचा व्हिसा पक्का." मी म्हटलं, मग चौकीत बोलला का नाहीस? "बोललू ना, भाभी. फौजदारानं माझ्यासमोरच शेठला इचारलं. शेठ 'नाय' बोलले." त्यानंतर त्याला दोन दिवस चौकीत बसवला. आपली वाडी सुटली, मग दुसऱ्या कुणी राखणीला ठेवला नाही. आणि बायको पुतळी गेली तेव्हा खांदा द्यायला गावातलं कुणी गेलं नाही, चोराचं घर म्हणून. हे त्यानं रागानं सांगितलं नाही. मी विचारत गेले, तो सांगत गेला.

तुम्ही हौसेनं केलं नसेल, हे मला कळतं. तेव्हा काम नव्हतं, फिजा लहान होती, दुसरं मूल पोटात होतं. व्हिसासाठी खांब दिले असं मला सांगितलं असतंत, तर मी कदाचित उचलूही लागले असते. पण कान्हूसमोर तुम्ही नाही म्हणालात, ते मला गिळता येत नाही. आता तुमचं पत्र आलं की दर ओळीला थांबते. खोकला बरा आहे म्हणता, खरंच बरा आहे का? पुढच्या वर्षी येतो म्हणता, येणार ना? असं वाचायची मला सवय नव्हती हो.

हे पत्र एवढ्यासाठी लिहिलं. रमजानच्या आधीच्या शुक्रवारी, १९ जानेवारीला, जुम्म्याच्या नमाजनंतर मी मोहल्ल्यातली आणि गावातली चार माणसं आपल्या ओटीवर बोलावली आहेत. कान्हूलाही बोलावलंय, तो येतो म्हणालाय. म्हात्रे सर असतील. त्याआधी तुमच्या अक्षरात दोन ओळी पाठवा, खांब कुणी दिले आणि कुणाला दिले. खांब घेऊन ज्यानं तुमचा व्हिसा केला त्या एजंटाचं नाव मिळालं तर सर अक्षरांचा खांब शोधून काढतील. टपालाला उशीर होईल, तिकडून कुणी येत असेल त्याच्या हाती द्या. पत्र आलं तर मी तेच वाचून दाखवीन, तुम्ही स्वतः कबूल केलंत असं होईल. नाही आलं तर मला जे कळलंय ते माझ्या तोंडानं सांगेन, माझं हवालदाराला सांगितलेलं वाक्यसुद्धा. फिजा आता मोठी झाली आहे. मी तिला आत पाठवणार नाही.

अजूनही तुमचीच,
मुनीरा