वॉर्डात ‘गेले’ म्हणायचं नाही

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आजवर हे पद्धत म्हणून लिहीत आलो. पण गेला आठवडाभर हॉस्पिटलात पलंग ढकलल्यापासून ती आठ अंगं नेमकी कुठे कुठे असतात ते मला कळलंय, कारण आठही दुखतायत. तेव्हा नमस्कार बसल्या जागेवरून मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मग तू अजून पलंगावरून का उतरत नाहीस, हे आई मला विचारते आणि मी आईला विचारतो. बाबा म्हणतात, ताईला चालायची गरजच काय, तिचा आवाज सगळीकडे पोचतो. (हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून कंसात घातलं.)

वि. वि., म्हणजे विनंती विशेष. हे मी दर पत्रात लिहितो आणि विनंती कधीच नसते. या वेळी आहे. मला सल्ला हवाय आणि तोही लवकर हवाय, कारण सोमवारपर्यंत हो की नाही ते हॉस्पिटलात कळवायचंय. गोष्ट अशी की मला पडद्यांच्या दुकानातून बाहेर पडून फिजिओथेरपीच्या सहायकाचं काम शिकायचंय. आडव्या झालेल्या माणसांना उभं करायचं, एवढंच समज. पण त्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा तर आधी सहा महिने हॉस्पिटलात काम केल्याचा अनुभव लागतो, आणि तो बिनपगारी. मी म्हटलं चालेल. तर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, की आधीचा काही अनुभव? मी म्हटलं, बाई, तोच घ्यायला आलोय. त्या म्हणाल्या, तो झाला पुढचा, मी आधीचा विचारतेय. मी इकडेतिकडे पाहिलं आणि पडदे लावतो असं सांगून टाकलं. त्यांनी ‘उंचीवर काम करू शकतो’ असं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आठवडाभर येऊन बघा, आम्हीही तुम्हाला बघतो.

घरी सांगितलं तर बाबांनी कात्री खाली ठेवली. (कापड कापताना ते कात्री कधी खाली ठेवत नाहीत, तू जाणतेस.) म्हणाले, फुकट राबायचं? लोकांकडे? घरचं दुकान सोडून? मी शांतपणे विचारलं की बाबा, दुकानात मला पगार कधीपासून चालू झाला. त्यावर ते म्हणाले की ती गोष्ट वेगळी. वेगळी कशी ते आईने विचारलं, तेव्हा त्यांनी गिऱ्हाईक आल्यासारखं केलं. आत्या, बिनपगारी अनुभवाचा मला इतका दांडगा अनुभव आहे हे मुलाखतीच्या वेळी सुचलं असतं तर काय हवं होतं. पण मलाही कळत नाही. बाबांचे खांदे आता शिडीवर चढून वर हात करू देत नाहीत. मी गेलो तर पडदे लावणार कोण? आणि नाही गेलो तर जन्मभर लोकांच्या खिडक्या मोजत बसणार. सकाळी वाटतं जावं, जेवल्यावर वाटतं जाऊ नये, आणि संध्याकाळी पाय इतके ठणकतात की काहीच वाटत नाही.

आता हॉस्पिटलात काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला सल्ला देणं सोपं जाईल. (किंवा अवघड. माझं तर अवघडच झालंय.) माझ्याकडे खिडकीजवळच्या पलंगावरचे एक आजोबा दिले होते. पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, पण उठायला राजी नाहीत. काठी दिली तर काठी पलंगाखाली टाकायचे. उठून जायचंय कुठे, असं विचारायचे. त्यांची लेक रोज यायची, दोन मुलगे मात्र कामाच्या गडबडीत असल्याचं सांगितलं जायचं. मी शेजारी बसून गप्पा मारायचो, त्यांच्या पायाला व्यायाम द्यायचो आणि फावल्या वेळात पलंगांमधल्या पडद्यांच्या कड्या नीट करायचो, कारण त्या अडकलेल्या मला बघवत नव्हत्या. (आठवडाभरात माझं जे काही कौतुक झालं ते त्या कड्यांबद्दल झालं. यावरून काय समजायचं ते तूच सांग.)

गुरुवारी आजोबांना वरच्या मजल्यावर एक्स-रे काढायला न्यायचं होतं. वॉर्डबॉय त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन गेला. मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, तोवर चादर बदल. मी जुनी चादर गुंडाळली, उशी काढली, गादी उलटी केली. इतक्यात आजोबांची लेक डबा घेऊन आली. मोकळ्या गादीकडे बघून तिने विचारलं, बाबा? मी म्हटलं, गेले.

आत्या, मी दुसरं काय म्हणणार? गेलेच होते. ती नुसती गादीकडे बघत राहिली, म्हणून मी आणखी माहिती दिली, की आत्ताच गेले, तुमची थोडक्यात चुकामूक झाली. तिने पलंगाचा दांडा धरला. मला वाटलं, वडील एकटे गेले म्हणून काळजी करतेय, म्हणून म्हटलं, त्रास नाही झाला हो काही, अगदी शांतपणे गेले. जायच्या आधी तुमची आठवण काढत होते. ती मटकन खाली बसली. मग मी घाबरलो आणि म्हणालो (हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं), रडू नका ताई, त्यांना वर नेलंय.

तिने फोन काढला, भावाला लावला, आणि ‘दादा, बाबा’ एवढंच बोलून हुंदका दिला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी अहो तसं नाही, अहो वर म्हणजे वरच्या मजल्यावर, असं सांगू लागलो, पण माझीच बोबडी वळलेली. शेजारच्या पलंगावरचे गृहस्थ उठून बसले आणि त्यांनी हात जोडले. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि आजोबा खुर्चीतून बाहेर आले, एक्स-रेवाल्याचे हात बर्फासारखे गार आहेत अशी तक्रार करत. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डब्याची पिशवी माझ्या पाठीत घातली. तिच्या जागी मीही घातली असती.

पुढे तर कमालच झाली. फोन परत लावेपर्यंत थोरला भाऊ निघालेला होता आणि त्याने वाटेत धाकट्याला घेतलं होतं. दोघं बायकामुलांसकट रडवेल्या चेहऱ्याने वॉर्डात शिरले आणि जिवंत वडील बघून तिथेच थिजले. आजोबांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. काय प्रकार आहे ते त्यांच्या चटकन लक्षात आलं. म्हणाले, असं आहे होय, यासाठी मरावं लागतं तर. थोरला मुलगा पलंगाच्या कडेला बसून त्यांचा हात धरून खरंच रडला. मलाही रडू आलं, पण मी गुन्हेगार असल्यामुळे कड्या बघत उभा राहिलो. नंतर मंडळी निघाली, तेव्हा आजोबा मला म्हणाले, काठी दे, त्यांना दारापर्यंत सोडून येतो. मी एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने थोरल्याने, आणि आजोबा दारापर्यंत गेले. (चालत गेले. आता मी हे प्रत्येक वेळी स्पष्ट लिहितो.)

मोठ्या सिस्टरनी मग मला बाजूला घेऊन शब्द शिकवले. वॉर्डात गेले म्हणायचं नाही. सुटले म्हणायचं नाही. आटोपलं म्हणायचं नाही, आंघोळ आटोपली असली तरी. वर नेलं हे तर लिफ्टवाल्यालाही म्हणायचं नाही. ‘तपासणीसाठी दुसऱ्या मजल्यावर नेलंय आणि परत आणणार आहेत’ असं अख्खं वाक्य बोलायचं. एवढं झाल्यावर त्यांनी विचारलं, सोमवारी येणार ना? हा दम होता की आग्रह, ते मला अजून उलगडलेलं नाही.

तर आत्या, मी काय करू? ज्याला ‘गेले’ हा शब्द नीट वापरता येत नाही त्याने दुखणेकऱ्यांच्या वाटेला जावं का? आणि आजोबांच्या पायात पहिल्यांदा जोर आला तेव्हा तो माझ्या हाताला कळला, ते विसरून पुन्हा पडद्याच्या गजाची लांबी मोजायची म्हटलं तर जमेल का? तू सांगशील तसं करीन.

तुझा गोंधळलेला भाचा

ता. क. : खरं सांगायचं तर सिस्टरना मी तिथल्या तिथे हो म्हणून आलोय. तेव्हा सल्ला देऊन दमू नकोस. तुझ्याकडे काम वेगळंच आहे. बाबा फक्त तुला उलट बोलत नाहीत, म्हणून तूच त्यांना कळव. मात्र ‘पोरगा गेला’ असं लिहू नकोस. ‘हातचा गेला’ असं तर मुळीच नको.

ता. क. २ : हॉस्पिटल कुठलं ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून जी पिवळी इमारत दिसते ना, तीच. आठवडाभर तुझ्या घरावरून मान खाली घालून गेलो, कारण तू काय विचारशील त्याचं उत्तर तयार नव्हतं. सहा महिने मागची खोली देशील का? भाडं देता येणार नाही. त्याबदल्यात रोज संध्याकाळी तुला फाटकापर्यंत चालवीन. काठी पलंगाखाली टाकलीस तरी मला काढता येते.

ता. क. ३ : ताईस सा. न. पत्र गल्ल्यावर उघडंच पडलं होतं, म्हणून वाचलं. पगाराबद्दल लिहिलंय ते अर्धवट आहे, दोन वेळचं जेवण धरलेलं नाही. तुझ्या आवाजाबद्दल मी बोललो ते मनावर घेऊ नकोस. शिडीवर चढायला दुसरा माणूस बघतो. पोरगा सोमवारी येतोय. तुझ्या मागच्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही आणि सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं, तेव्हा खिडकीचं माप पाठव. शेजारणीला सांगू नकोस, तिला माप घेता येत नाही. तूच उठून घे.