वेणी कापणाऱ्यांना चहा

कोक-आरिक, ७ ऑक्टोबर १९९८

ती. झीपार एजेस धाकट्या बहिणीचा, बुर्माकानचा सा. न.

बटाटे काढून झाले. ह्यांची पाठ पुन्हा धरली आहे, पण घोड्यावरून उतरतील तर शपथ!

शुक्रवारी वर्गातल्या तिघींनी आमच्या सेझिमची वेणी कात्रीने कापली. बाई म्हणतात, पोरगी कुणात मिसळत नाही, म्हणून असं होतं. शिवाय एवढी लांब वेणी मिरवायची कशाला? सासूबाईंचंही तेच. वाद वाढू नये म्हणून रविवारी मी तिघींना आयांसकट घरी बोलावलं. कणकेचे बोरसोक तळले, मटण केलं, चहा सेझिमलाच ओतायला लावला. एकजण म्हणाली, बरं झालं, आता चहात केस पडायचे नाहीत. सगळ्या हसल्या, मीही हसले. मिटलं म्हणायचं, तर सोमवारपासून ही शाळेचं नाव काढत नाही. जरा बोलकी हो, असं तूच लिही तिला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी बुर्माकान

बिश्केक, १३ ऑक्टोबर

चि. बुर्माकानला आशीर्वाद.

बटाट्यांपर्यंत ठीक वाचलं, पुढे चष्मा आपटला. अगं, चूक करणारा नान घेऊन दाराशी येतो, ही आपली रीत. ज्याचा घोडा चोरीला गेला त्यानेच चोराला जेवायला घातलेलं कधी ऐकलंस? तुझी वेणी तर कमरेखाली होती, कुणी कात्री आणली होती का?

बोलकी हो, असं मी लिहिणार नाही. कात्री तिच्या हातात नव्हती. आणि तिला इकडे पाठवू का, असंही विचारू नकोस. गाव तिनेच का सोडायचं?

सप्टेंबरातच तिने मला कळवलं होतं की त्या तिच्या वह्या चिखलात टाकतात, आणि घरी सांगितलं की आई आधी विचारते, तू काय केलंस? मी महिनाभर उत्तर दिलं नाही. तेव्हा दोष मलाही आहे. तिला नाही.

रागावले तरी तुझीच आहे.
झीपार

कोक-आरिक, २७ ऑक्टोबर

ती. एजेस सा. न.

दोन दिवस तुझ्यावर धुमसले, तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. बाईंनी वर्गाच्या नोंदवहीत 'मुलींचं आपसातलं भांडण' असं लिहिलं होतं. ते खोडून 'तिघींनी एकीची वेणी कापली' असं लिहीपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. दोघींच्या आया नान घेऊन आल्या. तिसरी अजून विचारते, तुमच्या पोरीने काय केलं होतं? केस वाढवले होते, म्हटलं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. घरात तेवढीच शांतता.

सेझिमची मी माफी मागितली. काल ती शाळेत गेली. दुपारी विचारलं, आज कसं झालं? सांगण्याआधी तिने माझा चेहरा नीट न्याहाळला. मग म्हणाली, बरं झालं. खरं की खोटं, मला कळलं नाही. रोज विचारणार आहे.

अशीच रागावत जा.
तुझी बुर्माकान