पाच ते सहा, खिडकीपाशी

१ ऑगस्ट, संध्याकाळी सव्वासहा
आजपासून रोजनिशी. मी सांगायचं, नातीने लिहायचं. मला अक्षर येत नाही, अक्कल येते. वाचणारं कोणी नाही, म्हणजे खरं बोलायला हरकत नाही.
शाळेत सातवीला गणित शिकवायला कोणी नाही. म्हणून शहरातल्या एक मॅडम मोबाईलवर शिकवणार, रोज पाच ते सहा. अख्ख्या घरात नेटवर्क येतं ते माझ्या खाटेजवळच्या खिडकीपाशी. म्हणजे क्लास माझ्या खोलीत. सुनेने बजावलं, आई, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. मी म्हटलं, अडाणी बाई मी, काय बोलणार.
महिनाअखेर शाळेत टेस्ट. पहिली दहा मुलंच मॅडमकडे पुढे शिकणार. नातीला त्यात यायचंच आहे. मोठेपणी पूल बांधायचेत म्हणे. म्हटलं, आधी दप्तर आवर.

३ ऑगस्ट
निश्चय: गप्प बसणे.
मॅडमनी विचारलं, पाऊण लिटरच्या आठ बाटल्या, तर दूध किती. चाळीस वर्षं मी दारोदार दूध घातलंय. ‘सहा’ निसटलंच. माझा दोष नाही, प्रश्न दुधाचा होता. नात अजून पेन्सिलीला टोक काढत होती.
नेटवर्क पुरावं म्हणून कॅमेरा बंद असतो. मॅडम म्हणाल्या, व्हेरी गुड, पण आवाज का बसलाय गं. नात म्हणाली, सर्दी. खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही.

६ ऑगस्ट
आज तीनच उत्तरं दिली. सुधारणा आहे.
बाराची सव्वाकी पंधरा, चौदाची दिडकी एकवीस. लहानपणी शाळेच्या भिंतीबाहेर गाय चारायचे. आत मुलं ओरडायची, बाहेर माझं पाठ व्हायचं. गायीचंही झालं असेल.
नात म्हणते, आजी, मला मांडू तरी दे. मांडत बसली तर दूध नासेल.

११ ऑगस्ट
मॅडम चुकल्या. वजा तीन गुणिले वजा चार किती, म्हणून विचारलं. मी सांगितलं, वजा बारा. त्या म्हणाल्या, नाही, नुसते बारा. सांडलेलं दूध पुन्हा पुन्हा सांडल्याने भांड्यात येतं होय?
नातीच्या वहीत आधीच बारा लिहिलेलं होतं. तिलाही मॅडमची लागण झालीय.

१६ ऑगस्ट
नात वरच्या बॅचमध्ये! मॅडम म्हणाल्या, एवढी झटपट तोंडी उत्तरं कोणी देत नाही. अपूर्णांकाचे राहिलेले धडे वगळले. सुनेला म्हटलं, बघ, माझ्या खाटेचा गुण. नात मात्र नखं खात बसली. आनंद पचवायलाही पोट लागतं.

१९ ऑगस्ट
घात झाला. वरच्या बॅचमध्ये गणितात अक्षरं घालतात. एक्स म्हणे, आणि वाय. अक्षर येत असतं तर मी गणितात कशाला पडले असते? आज मी पूर्ण तासभर गप्प. कोण म्हणतं मला जमत नाही? नातही गप्प. मॅडमनी तीनदा हाक मारली, मग नातीने नेटवर्क गेल्याचं सांगितलं. नेटवर्क होतं.

२८ ऑगस्ट
टेस्ट शाळेत झाली. मला गेटवर अडवलं. पालक बाहेर, म्हणे. आत वीस प्रश्न आणि पोर एकटी. माझी मात्र तयारी पक्की होती.

३० ऑगस्ट
विसात चार. दहांत नाव नाही.
मॅडमचा फोन आला. नातीने सगळं सांगून टाकलं, सर्दीसकट. मला म्हणाली, आजी, मला येत होतं. मी मांडत होते, तेवढ्यात तू बोलायचीस. वरच्या बॅचचं काही कळलंच नाही मला.
हे लिहू नको म्हटलं होतं. लिहिलंच.
मॅडम भल्या आहेत. खालच्या बॅचमध्ये परत घेतलं, पुढच्या महिन्यात पुन्हा टेस्ट. अट एकच: आवाज बसलेली व्यक्ती खोलीत नको.

१ सप्टेंबर
आज सून लिहितेय. मी दहा वाक्यं सांगते, ती चार लिहिते.
पाच ते सहा नात आत, मी बाहेर पायरीवर. भिंतीबाहेरून ऐकायची मला जुनी सवय. शेजारी गाय, तीच जागा, फक्त गुडघे नवीन दुखतात.
मॅडमनी विचारलं, अडीच लिटरचे सहा कॅन. मला केव्हाच आलं होतं. दोन्ही हात तोंडावर ठेवले. आत पेन्सिल चालली, थांबली, खोडरबर फिरलं, पुन्हा चालली. तेवढ्या वेळात मी दोन गावांना दूध घालून आले असते. मग नातीचा आवाज: पंधरा.
मी फक्त ‘शाबास’ म्हटलं. ते काही उत्तर नव्हे.
मॅडमनी विचारलं, बाहेर कोण ओरडलं गं. नात शांतपणे म्हणाली, गाय आहे, मॅडम.
हे लिहिताना सुनेला हसू आवरत नाहीये. खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही.