तिसरी बाई टिकली पाहिजे

सोमवार, १७ नोव्हेंबर

आली! माह्या नवऱ्याले सांभाळायची तिसरी बाई आली. जया नाव आहे, राठोडाची, इथून दारव्ह्याच्या पुढच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. राहणार इथंच. चालते कशी झपझप! चप्पल बाहेर काढली, आधी हात धुतले, मग यायच्या खाटेपाशी गेली. पहिल्या दोघींनी आल्या आल्या मोबाईल चार्जिंगले कुठं लावू, हेच विचारलं होतं.

उन्हाळ्यात यायले लकवा मारला. उजवी बाजू गेली अन् बोलणंही गेलं. नुसतं अं-अं. डोक्यात सगळं आहे, तोंडातून निघत नाही, म्हणून रागावतात. पहिलीवर तांब्या फेकला, दुसरीवर ताट. डावा हात मस्त चालते!

पुण्याहून गोपालचा फोन — "आई, ही बाई टिकली नाही तर तुम्हा दोघायले इकडं आणतो. मी ऐकणार नाही." पोराचं घर नवव्या माळ्यावर. खिडकीतून खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. वड्या कुठं वाळू घालू? बोलू कोणाशी? नाही बा! जया टिकलीच पाहिजे.

त्याची पोरगी, माही नात दिपाली, फोनात मागून ओरडत होती — "आजी, पहिल्याच दिवशी सांग, कोणतं काम तिचं अन् कोणतं नाही. मग भांडण होत नाही." हुशार माही बाई! ही डायरी तिनंच दिली. म्हणे, चौथीच शिकली तर काय झालं, बोलते तसंच लिही. बोलते तेवढं लिहिलं तर पोतंभर डायऱ्या लागतील!

मंगळवार, १८

आज काही फेकलं नाही.

गुरुवार, २०

जया सांगितल्याशिवाय अंगाले हात लावत नाही. "बाबा, आता कुशीवर करते हं." "बाबा, पाणी जरा गरम लागेल." हे मान हलवतात, मगच हात लावते. नवऱ्यामुलासारखा मान मिळून राह्यला यायले!

मले विचारलं, "आजी, बाबाले चहा कपात का बशीत?" म्हटलं, बशीत. अन् फुंकर त्यायले स्वतःले मारू द्यायची. दुसरीनं कपानं पाजला म्हणून तर ताट उडालं होतं! बिचारीले मी सांगितलंच नव्हतं न.

शेजारची कांताबाई येऊन बसली. "काव, दिवसभर बाई घरात आहे, भांडी घासून घे न तिच्याकडून!"

"ती यायच्यासाठी आहे. माही भांडी मी घासते."

"लय लाडावून ठेवून राह्यली तू."

"हो. तुह्या घरी पाठवू का यायले?"

चहा मात्र दोनदा पेली.

दुपारचं जेवण झालं की तेवढा वेळ जयाचा. खाटेजवळच भिंतीले टेकून तांड्यावर मायशी फोनवर बोलते. त्यायची बोली, भरभर. मले काही कळत नाही. हे मात्र टक लावून ऐकतात.

मंगळवार, २५

बोलले! हे बोलले!

पण काय बोलले! जया नखं कापून राह्यलती. मी कणीक मळत होती. अन् एकदम यायचा आवाज — तिच्याकडं पाहून, चांगला खणखणीत — "येडी!"

कणकीच्या हातानं धावली मी. आनंद व्हावा का लाज वाटावी, समजेना. लग्न झाल्यापासून मले येडीच म्हणत आले. 'येडे, चष्मा कुठं ठेवला?' 'येडी, भाजीत मीठ नाही.' माह्या माहेरीसुद्धा! तो माहा शब्द. अन् इतक्या दिवसांनी तोंड उघडलं तर दुसरीलेच दिला!

तेवढ्यात जया डोळे पुसत बाहेर गेली. म्हटलं, गेली ही! चला आता नवव्या माळ्यावर.

गरम शिरा केला, वेलची टाकून, अन् अंगणात तिच्यापाशी नेला. "बाई, मनावर घेऊ नको. त्यायचं तोंडच तसं आहे. मलेही येडीच म्हणतात."

ती पाहतच राह्यली. मग रडता रडता हसू फुटलं तिले. "आजी! बाबा येडी नाही, याडी म्हणाले. आमच्यात मायले याडी म्हणतात. मी रोज फोनवर म्हणते न, ते ऐकून उचललं त्यायनं."

"मग रडली काहून व?"

"याडीचा पाय मोडला. मले सांगतच नव्हती, आज सांगितलं. घरात एकटी. तिले पाणी द्यायले कोणी नाही, अन् इथं बाबा मलेच याडी म्हणाले."

शिरा खाल्ला दोघींनी.

बुधवार, २६

जया म्हणते, आता इथं राहणं जमणार नाही. तिची माय तिलेच पाहावी लागेल. बरोबरच आहे. पण माहा जीव खाली-वर!

गोपाल म्हणे, "तिकिटं काढतो." म्हटलं, थांब जरा.

दुपारी मागची खोली झाडली. आपण शेत ठोक्यानं दुसऱ्याले कसायले दिलं तेव्हापासून कापूस येत नाही तिथं, रिकामीच आहे. जयाले म्हटलं, तुह्या मायले इथं आण.

"आजी, लोक काय म्हणतील?"

"लोक येतात का यायले कुशीवर करायले?"

दिपालीनं शिकवलं तसं सगळं आधीच बोलून घेतलं. यायच्या वेळा चुकायच्या नाहीत. मायचं मधल्या वेळात कर, काही लागलं तर मी आहे. अन् आठवड्याची सुट्टी तुही तशीच, त्यात मी काम सांगणार नाही.

गोपाल फोनवर ओरडला, "आई, दोन-दोन म्हाताऱ्या एका घरात!"

"बरं झालं न बा. मले बोलायले कोणीतरी झालं."

मागून दिपाली हसून राह्यलती. माही बाई!

रविवार, ३०

ऑटोतून दोघी उतरल्या. जयाच्या मायचा पाय पांढऱ्या प्लास्टरात, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. यायनं खाटेवरून पाहिलं अन् बोट केलं — "याडी!"

म्हातारी म्हणते, "मी कायची तुमची याडी! तुमच्याहून लहान आहे मी!"

सगळे हसलो. मी तर डोळ्याले पदर लावला. तवा हे माह्याकडं वळले. बराच वेळ ओठ हलवत होते.

"येडी."

या वेळी बरोबर ऐकलं मी.